दोन ‘एक नंबर’

गेल्या महिन्यात मुंबईला जाणे झाले. कोकणकन्येने पहाटे दादरला उतरलो. बॅग खांद्याला लावून पूल चढलो आणि सवयीने वरच्या पाट्या वाचत चाललो. चौदा, तेरा, बारा, अकरा... आठ, सात, सहा... आणि शेवटी एक. सरळ उतरते आकडे. त्यात विशेष काय, असे कोणीही म्हणेल. पण मी त्या पुलावर क्षणभर थांबलो. मला माझ्या मावशीची आठवण झाली.

गोष्ट २०११ सालची. मी तेव्हा नोकरीसाठी गोरेगावला राहत होतो. मावशीला परळच्या टाटा इस्पितळात दाखवायचे ठरले होते. ‘टाटाला नेले’ हे दोन शब्द आमच्या गोव्यात कोणत्या आजारासाठी वापरतात ते सांगायला नको. मावशी आणि तिचा मुलगा करमळीला गाडीत बसले. मी फोनवर सांगून ठेवले होते, “दादरला उतरा आणि एक नंबर फलाटावर या, मी तिथे उभा असेन.” मी उभा राहिलो पश्चिम रेल्वेच्या एक नंबरवर, फुलबाजाराच्या बाजूला. ती दोघे विचारत विचारत गेली मध्य रेल्वेच्या एक नंबरवर. पाऊण तास आम्ही एकमेकांना शोधत होतो. शेवटी फोनवर मावशीचाच आवाज आला, “अरे, हांगा एक नंबर दोन आसात मरे! तूं खंय आसा?”

चूक माझीच. दोनचार वर्षे मुंबईत काढलेल्या माणसाला हे सांगायची गरज वाटत नाही आणि नवख्याला ते ठाऊक नसते. पण दोन एक नंबर होतेच कशाला?

याचे उत्तर इतिहासात आहे. दादर हे एक स्थानक नव्हेच, ती दोन स्थानके आहेत. एक बांधले जीआयपी रेल्वेने आणि दुसरे बीबीसीआय रेल्वेने. दोन वेगळ्या कंपन्या, वेगळे रूळ, वेगळे हिशेब. प्रत्येकीने आपले फलाट आपल्या एकपासून मोजले. पुढे स्वातंत्र्य मिळाले आणि १९५१ साली या कंपन्यांच्या जागी मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे आल्या. मालक एकच झाला, भारत सरकार. आकडे मात्र तसेच राहिले. ९ डिसेंबर २०२३ रोजी मध्य रेल्वेच्या फलाटांना पश्चिमेच्या सातच्या पुढचे आठ ते चौदा हे क्रमांक मिळाले आणि दादरला ‘एक नंबर’ एकच उरला. म्हणजे कंपन्या गेल्यावर त्यांची मोजणी आणखी ७२ वर्षे टिकली!

या बदलाला काय लागले? नवा रूळ नाही, नवी गाडी नाही, जमीन ताब्यात घेणे नाही. पाट्या बदलल्या, इंडिकेटर बदलले, उद्घोषणा बदलल्या. मग इतकी वर्षे का लागली? माझ्या मते याचे कारण पैसा नव्हे. स्थानक कोणाच्या बाजूने मोजायचे, हा तो प्रश्न आहे. रेल्वे स्थानक मोजते रुळांच्या बाजूने, किती गाड्या आल्या, किती सुटल्या, किती मिनिटे उशीर झाला. प्रवासी मोजतो पायांच्या बाजूने, किती पायऱ्या, किती वळणे, पाण्याचा नळ कुठे, मुतारी कुठे, बाकड्यावर जागा आहे का. उपनगरी गाडी वीस सेकंद थांबते. बाकीचा सगळा वेळ माणूस स्थानकात असतो, गाडीत नव्हे. स्थानकाची सेवा म्हणतात ती हीच. आणि नेमकी तीच आपण किरकोळ समजतो.

किरकोळ म्हटलेल्या गोष्टीची किंमत कधी कधी फार मोठी द्यावी लागते. पुढच्या खेपांना मावशी माझ्याकडे गोरेगावलाच राहायची. मग आम्ही धिम्या लोकलने एल्फिन्स्टन रोडला उतरायचो आणि पूल ओलांडून परळच्या बाजूला जायचो. तिथेही तोच प्रकार, शेजारीशेजारी दोन रेल्वेची दोन स्थानके आणि मध्ये एक पूल. हा गिरणगाव. गिरणी कामगार आजूबाजूच्या चाळींतून चालत कामावर यायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडीत निघाल्या, त्या जागांवर कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत काम करणारा माणूस दूरवरून लोकलने येऊ लागला. वस्ती बदलली, गर्दी बदलली, पूल तेवढाच अरुंद राहिला. मावशी कठड्याला धरून एकेक पायरी चढायची. गर्दीतले लोक तिला पाहून बाजूला व्हायचे, कोणी न सांगता पिशवी धरायचे. मुंबईच्या माणसाबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस आला, माणसे आडोशाला त्याच पुलावर थांबली, मागून गाड्यांतून उतरलेली माणसे येत राहिली आणि जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. मावशी त्याआधीच, २०१३ साली, गेली होती. पण बातमी वाचताना मला जिन्यावर तीच दिसत होती. तिथला नवा, रुंद पूल आधीच मंजूर झालेला होता, पण कागदावर. दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी पादचारी पूल खुला झाला. पाच महिने! जे पाच महिन्यांत होऊ शकते ते आधी का होऊ शकत नाही, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

फलाटांच्या उंचीचेही तसेच. फलाट आणि डब्याचा पायठाण यांच्यामधल्या पोकळीत माणसे पडत होती हे रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला माहीत होते. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एका मुलीने दोन्ही हात गमावले, उच्च न्यायालयाने लक्ष घातले, तेव्हा कुठे उंची वाढवण्याच्या कामाला गती आली.

कोणी म्हणेल, इतकी अफाट गर्दी, रेल्वे तरी काय करणार? खरे आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हा हे शहर असे फुगेल हे कोणाला ठाऊक होते? इतक्या माणसांना रोज वेळेवर नेणे-आणणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि आज दादरला सरकते जिने आहेत, लिफ्ट आहेत, हेही मान्य केले पाहिजे. पण गर्दी ही सबब पाटीला लागू पडत नाही. सुधारणा अपघातानंतर किंवा कोर्टानंतरच व्हावी, असा काही नियम नाही.

हे सगळे गोव्यात बसून का लिहायचे? कारण आमच्याकडेही अधूनमधून लोकल गाडीची मागणी होते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत रूळ आहेत, मग आतल्या आत गाडी का नको, असे लोक विचारतात. मागणी रास्त आहे. पण करमळी स्थानक पणजीपासून दहा-बारा किलोमीटर आणि थिवी म्हापशापासून जवळजवळ तितकेच. गाडी आली तरी तिथून घरी कसे जायचे? गाडीच्या वेळेला जोडलेली बस, म्हाताऱ्या माणसाला झेपेल असा जिना, रात्री उजेड, नवख्यालाही कळेल अशी पाटी, एवढे आधी मागून घ्यावे. नाहीतर गाडी येईल, नारळ फुटेल, फोटो छापून येतील आणि स्थानकाबाहेर मावशी पिशवी धरून उभीच राहील.

त्या पहाटे मी उगाचच पश्चिमेच्या एक नंबरवर उतरलो. फुलबाजार उघडला होता, ओल्या झेंडूचा वास येत होता. आता कोणाला “एक नंबरवर ये” म्हटले तर तो चुकणार नाही, एवढेच मनात आले. मावशीला हे फोन करून सांगता आले असते तर तिने नक्की विचारले असते, “आतां? इतलीं वर्सां कितें करताले?”