म्हशीच्या कानातला बिल्ला

१९८६ साली मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत शेतीकर्जे पाहत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून दुभत्या जनावरांसाठी कर्जे देण्याचे ते दिवस. म्हैस घेतली की तिचा विमा उतरवायचा, कानात बिल्ला ठोकायचा आणि त्याचा नंबर कर्जखात्यात लिहायचा. म्हैस मेली तर तोच बिल्ला दाव्याच्या अर्जाला जोडायचा. बिल्ला नाही तर दावा नाही, हा आमचा पहिला धडा.

एके दुपारी एक कर्जदार रुमालात बांधलेला बिल्ला घेऊन आला. म्हैस पिसाळून मेली होती. महिन्यापूर्वी तिला कुत्रा चावला होता. त्या कुत्र्याला गावकऱ्यांनी काठ्यांनी मारून ओढ्याकाठी पुरले होते. मी बिल्ल्याचा नंबर ताडून पाहिला, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला आणि पंचनामा पाहिला, तारखा जुळवल्या आणि कागद विमा कंपनीकडे रवाना केले. चोख काम केल्याचे समाधान मला त्या दिवशी होते.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. "साहेब, हप्त्याला जरा मुदत द्या," एवढेच म्हणाला. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा गेला होता. तोच कुत्रा त्याच्याही पोटरीला चावला होता. बाप मारील आणि पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील, या भीतीने पोराने कोणाला सांगितले नाही. त्याला पाण्याचा पेला तोंडाला लावता येईना, तेव्हा आईच्या ध्यानात आले.

बाप रुमाल सोडत होता, तेव्हा ते पोर गावात हुंदडत होते. त्या दिवशी लस टोचली असती तर वाचण्याची आशा होती. माझ्यासमोर सगळे कागद होते. 'कुत्रा आणखी कोणाला चावला का?' हा रकाना मात्र एकाही फॉर्मवर नव्हता, आणि मलाही विचारायचे सुचले नाही.

रेबीज हा मोठा विचित्र रोग आहे. लक्षणे दिसू लागली की जवळजवळ निश्चित मृत्यू, आणि त्याआधी वेळेवर उपचार केले तर जवळजवळ निश्चित बचाव. विषाणू चाव्याच्या जागेपासून नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. ती मुदत हेच आपल्या हातातले भांडवल. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, तिच्यावर हळद-मिरची चोपडायची नाही, आणि तडक दवाखाना गाठायचा. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी पोटातली ती लस आपल्याकडे २००४ अखेर बंद झाली. आता चार-पाच वेळा दंडाला साधे इंजेक्शन. पण चौदा सुयांची धास्ती अजून घराघरांतून गेलेली नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२२-२३ मधल्या पाहणीवरून काढलेल्या अंदाजानुसार आपल्या देशात दर वर्षी सुमारे ५,७०० माणसे या रोगाने दगावतात. जगात दगावणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात. मुलेच कुत्र्यांशी खेळतात, आणि मुलेच लपवतात.

यावर सर्वांत जुना उपाय म्हणजे कुत्री मारणे. मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्र्यामागे आठ आणे इनाम लावले. इनामाच्या लोभाने माणसे घरांच्या दारातली कुत्री उचलू लागली. पारशी समाजात कुत्रा पवित्र, तेव्हा त्या जूनमध्ये फोर्टात दंगल उसळली. पुढेही दीडशे वर्षे शहरोशहरी कुत्री मारली गेली. कुत्री संपली नाहीत आणि रेबीजही संपला नाही. कारण साधे आहे. गल्ली रिकामी झाली की शेजारची कुत्री येतात, उरलेल्यांची पिले वाढतात, आणि मेलेल्यांत लस टोचलेली असतील तर तीही संरक्षणाची भिंत पडते.

दुसरी वाट आपल्या शेजारच्या गोव्याने दाखवली. दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, हे शास्त्र तिथे नेटाने वापरले गेले. 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार यांच्या पथकांनी गावोगाव जाळ्या घेऊन कुत्री पकडली, लस टोचून रंगाची खूण केली आणि तिथेच सोडली. कोणत्या वाडीत किती झाली, किती राहिली, याची नोंद मोबाइलवर. शाळाशाळांतून मुलांना शिकवले. पिसाळलेले कुत्रे दिसल्याची वर्दी आली की पथक जाऊन तपास करी. जुनी कुत्री मरतात, नवी जन्मतात, म्हणून हे दर वर्षी करावे लागले. २०२१ मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले. त्याआधीची तीन वर्षे तिथे या रोगाने माणूस दगावला नव्हता.

मग आपल्याकडे नियम नाहीत काय? भरपूर आहेत. जनावरांच्या साथरोगांविषयीचा २००९ चा केंद्रीय कायदा रेबीजलाही लागू आहे. जनावराला असा रोग झाल्याचा संशय आला तर मालकाने, ग्रामपंचायतीनेसुद्धा, वर्दी देणे त्यात बंधनकारक आहे. मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी, असे प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ सांगतात. पिसाळल्याचा संशय असलेले कुत्रे वेगळे कोंडून ठेवावे, असेही त्यांत आहे. असे कुत्रे साधारण दहा दिवसांत मरते. ठेचून पुरले तर रोग होता की नाही हे कळायची सोय राहत नाही, आणि ते कोणाकोणाला चावले हा प्रश्नही त्याच्याबरोबर पुरला जातो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी मोकाट कुत्री उचलण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांत तो बदलून, निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र सोडू नका, असे सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारातून ती हलवण्याचा आदेश आला. घरोघरी श्वानप्रेमी आणि श्वानद्वेष्टे अशी फळी पडली. जिच्या पोराला कुत्रा चावला आहे त्या आईचा राग मला खोटा वाटत नाही. गल्लीतल्या कुत्र्याला भाकरी घालणाऱ्या आजीची मायाही खोटी नाही. पण रागाने रोग हटत नाही, आणि नुसत्या भाकरीनेही नाही. भाकरी घालणाऱ्या हातानेच त्या कुत्र्याला धरून लस टोचून घेतली पाहिजे.

येत्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत चार प्रश्न विचारावेत. आपल्याकडे कुत्री किती? यंदा लस किती जणांना दिली? पिसाळलेले कुत्रे दिसले तर फोन कोणाला करायचा? आणि लस व इम्युनोग्लोब्युलिन आपल्या दवाखान्यात आज आहे का? चारही उत्तरे एका पाटीवर लिहून चावडीत लावायला फार खर्च येत नाही. आणि घरी मुलांना एवढेच सांगावे, की कुत्रा चावला, नुसते ओरखडले, तरी सांग. कोणी मारणार नाही.

त्या म्हशीचा दावा यथावकाश मंजूर झाला आणि खाते बंद झाले. बिल्ल्याचा नंबर आज मला आठवत नाही. पोराचे नाव मी तेव्हाही विचारले नव्हते.