रांग विकत घेणाऱ्यांना आरक्षण का खुपतं?

नागपूरच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. त्या नावाखालून आत गेलं की विमानाच्या दाराशी दोन रांगा लागतात. एक लांबलचक, एक आखूड. आखूड रांगेतल्यांनी तिकिटावर जादा पैसे मोजलेले असतात, बाकीच्यांच्या आधी आत शिरण्यासाठी. गेल्या महिन्यात यवतमाळच्या आपल्याच एका तरुण कार्यकर्त्याने त्या आखूड रांगेतला स्वतःचा फोटो ग्रुपवर टाकला. घराण्यात विमानात बसणारा तो पहिलाच. फोटोखाली लिहिलं होतं, "इथं कोणी जात विचारत नाही. पैसे भरा, पुढं चला. जय भीम!"

मी खाली एवढंच लिहिलं की विमानात बसलास याचा आनंद आहे, पण त्या रांगेचं कौतुक 'जय भीम'ला जोडू नकोस. त्यावर त्याचं उत्तर आलं, "भाऊ, आमचं पुढं जाणं तुम्हालाही बघवत नाही का?"

प्रश्न झोंबला. ग्रुपवर चार ओळीत उत्तर देण्यासारखा तो नाही, म्हणून हा लेख.

आधी त्याचं म्हणणं नीट घेऊ, कारण ते एकट्याचं नाही. आपल्यातले शिकलेले, कमावते लोक आज हेच बोलतात. बाजार जात विचारत नाही, नोटेला विटाळ नसतो, मग ज्या दारात पैसा चालतो ते दार आपल्यासाठी उघडलं असं का म्हणू नये? यात तथ्य आहे. आपल्याला पैसा असूनही दारात उभं केलं जात होतं, आणि ते दिवस फार जुने नाहीत.

१९०१ सालची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा आठवा. जेमतेम नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुलं आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. त्यांना वडिलांकडे गोरेगावला जायचं होतं आणि न्यायला कोणी आलं नव्हतं. बैलगाड्या बाहेर उभ्या होत्या. मुलं दुप्पट भाडं द्यायला तयार होती, तरी पोरं महारांची आहेत कळल्यावर एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडं दुप्पट द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाला विटाळ नको म्हणून सोबत पायी चालणार. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

आपला तरुण मित्र ही गोष्ट वाचून म्हणेल, बघा, तेव्हा पैसा चालत नव्हता, आज चालतो. मला मात्र त्यातलं 'दुप्पट' डोळ्यांत भरतं. गाडी तीच, बैल तेच, रस्ता तोच. सेवा उलट कमी, कारण हाकायचंही स्वतःच. मग जादा पैसे कशाचे? गाडीवाल्यांनीच जी अडवणूक उभी केली, ती बाजूला सारायचे. १९२९ साली चाळीसगावला हेच झालं. टांगेवाला बाबासाहेबांसाठी टांगा द्यायला तयार होता, हाकायला नव्हता. न हाकता येणाऱ्या आपल्या माणसाने टांगा हाकला, टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

विमान कंपनी विटाळ मानत नाही, हे मान्य. पण जादा पैशाचा हिशोब बघा. सीट नंबर तिकिटावर ठरलेला असतो. मग आधी आत शिरायची घाई कशाला? तर डोक्यावरच्या कप्प्यात बॅग ठेवायला जागा पुरत नाही म्हणून. ती पुरेल अशी व्यवस्था कंपनीने केली, तर आखूड रांगेत कोण उभं राहील? गैरसोय संपली की धंदा संपला. म्हणून ती संपवायची नसते, जपायची असते.

जिथे सीट नंबरच नव्हते तिथे हे आणखी उघडं दिसलं. अमेरिकेतली साउथवेस्ट ही कंपनी पन्नासेक वर्षं आपल्या एसटीसारखी चालली. आत जा, रिकामी दिसेल तिथे बसा. कोण आधी आत जाणार हे कोणी आधी चेक-इन केलं यावर ठरायचं आणि चेक-इन सगळ्यांना उड्डाणाच्या २४ तास आधीच खुलं व्हायचं. गरीब-श्रीमंत दोघांच्या घड्याळात तास सारखेच असतात, म्हणून ही रांग बऱ्यापैकी सरळ होती. २००९ साली कंपनीने १० डॉलर घेऊन घड्याळाच्याही आधीचा नंबर विकायला काढला. रांग तशीच राहिली, फक्त तिचं तोंड विकलं गेलं. पैसे न भरणारा ठीक २४ तास आधी बोट लावून बसला तरी त्याच्या पुढे माणसं असायचीच. पुढे मोकळ्या जागांची पद्धतच बंद करून जानेवारी २०२६ पासून नंबर द्यायचा निर्णय झाला, म्हणजे चांगली जागा आणखी महाग विकता येते. आपल्याकडे २००३ साली सुरू झालेली एअर डेक्कनही सुरुवातीला सीट नंबर देत नसे. आज तोच नंबर वेगळे पैसे मोजून 'निवडायचा' असतो. हे इतकं वाढलं की एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएला विमान कंपन्यांना बजावावं लागलं : १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला सोबतच्या आई किंवा वडिलांच्या शेजारी जागा द्या. लेकरू आईजवळ बसावं यासाठी सरकारी आदेश लागला!

पण विमानाचं एवढं दळण कशाला? आमच्या जिल्ह्यातून प्रवासी विमान उडत नाही. धावपट्टी आहे, ती २००९ मध्ये खासगी कंपनीच्या ताब्यात गेली, विमान काही आलं नाही. इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला टाकलेली शकुंतला रेल्वे यवतमाळ ते मूर्तिजापूर रखडत धावायची, तीही थांबली. वर्धा-कळंब रेल्वे २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली एवढंच नवं. मुंबईची गाडी धरायची तर आम्हाला अजून धामणगाव, वर्धा किंवा बडनेरा गाठावं लागतं.

आणि मुंबईची गाडी आपली माणसं कधी धरतात? ५ डिसेंबरला.

नागपूरकडून आलेली गाडी धामणगावला लागते तेव्हा जनरल डब्याचं दार आतून माणसांनीच बंद झालेलं असतं. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, सोबत नातू. पोरं खिडकीतून पोतं आत ढकलतात, मागून आजीला. एका आजीला मी म्हटलं होतं, मावशी, पुढच्या गाडीनं जा, थोडी रिकामी असंल. ती म्हणाली, "आमाले कायची रिकामी गाडी बापू, आमी त उभ्यानंच जातो दरसाल." ही आपली 'ओपन सीटिंग'. तिकीट रोखीने काढलेलं, जागा मात्र ज्याच्या दंडात जोर त्याची.

आता याही डब्यात जागा विकली जाते. गाडी यार्डात असतानाच चार धटिंगण चढतात, बाकड्यांवर टॉवेल पसरतात, आणि फलाटावर गाडी लागली की एकेक टॉवेल माणसागणिक भावाने उचलतात. मुंबईच्या टर्मिनसवर लांबच्या गाडीला उभं राहिलेल्या कोणालाही विचारा. आखूड रांगेत कंपनी पावती देते, इथे देत नाहीत, एवढाच फरक. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १५५ प्रमाणे आरक्षित नसलेल्या डब्यात चढणाऱ्याला अडवणं हा गुन्हा आहे. खुला डबा म्हणजे खुला. पण टॉवेलवाल्याला हे कलम कोण वाचून दाखवणार?

खरं सांगायचं तर रुमाल मीही टाकला आहे. यवतमाळच्या स्टँडवर एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं यात कॉलेजच्या दिवसांत माझा हात कोणी धरत नव्हता. त्यात एक मर्दुमकी वाटायची. दारातून सावकाश चढणाऱ्या बाईला आपण उभं ठेवलं, हे फार उशिरा लक्षात आलं. पायांत जोर असणाऱ्याचा हक्क काय आणि खिशात जोर असणाऱ्याचा काय, दारातून चढणारीला सारखाच.

खुल्या डब्याची ही ओढाताण कुठवर जाते, ते २७ ऑक्टोबर २०२४ ला दिसलं. वांद्रे टर्मिनसला गोरखपूरची पूर्ण अनारक्षित गाडी पहाटेच्या अंधारात फलाटाला लागत होती. लोकांनी चालत्या गाडीत जागा धरायला झेप घेतली आणि चेंगराचेंगरीत नऊ-दहा जण जखमी झाले. दिवाळीला गावी निघालेले मजूर होते ते. त्यांना कोण म्हणणार, 'प्रायॉरिटी' का नाही घेतली?

आता मूळ मुद्द्यावर येतो. आरक्षणावर या देशात घराघरात वाद होतो. आम्ही रांगेत होतो, कमी मार्कांचा पुढे गेला, मेरिटवर अन्याय झाला, हे ऐकत आपल्या तीन पिढ्या शिकल्या. हेच बोलणारा माणूस विमानतळावर पैसे टाकून माझ्या पुढे जातो तेव्हा त्याला मेरिट आठवत नाही. रेल्वेत १० ते ३० टक्के जादा भरून तत्काळ काढतो, आठवत नाही. लेकाला एनआरआय कोट्यातून मेडिकलला घालतो, तेव्हाही नाही. म्हणजे कोणी पुढे गेल्याचा राग नाहीच. कोण पुढे गेला याचा राग आहे. पैशाचं आरक्षण त्याला 'सुविधा' वाटतं आणि आपलं घटनात्मक प्रतिनिधित्व 'खैरात'. शब्दही बघा कसा बसलाय. 'ओपन' म्हणजे सगळ्यांसाठी खुलं, पण कॉलेजात 'ओपनचा' म्हटलं की कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपलं आरक्षण विकत मिळत नाही, विकताही येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना रांगेत उभंच राहू दिलं नाही, त्यांची जागा राखून ठेवणं, हा त्याचा अर्थ. प्रायॉरिटीचं उलट आहे. जो आधीच पुढे आहे, तोच आणखी पुढे जाण्याची किंमत सहज देऊ शकतो. या दोघांना एकाच शब्दाने ओळखणाऱ्याला जागच्या जागी थांबवा, मग तो आपला असला तरी.

आणि 'पैसा जात विचारत नाही' याबद्दल. विचारत नाही, कारण त्याला विचारायची गरज पडत नाही. शेतजमीन कोणाकडे होती, गावठाणात घर कोणाचं, कोणाच्या बापाने कॉलेजच्या फीसाठी सावकाराचा उंबरा झिजवला, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. बाबासाहेबांनी १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते कुठल्या विद्यापीठात नव्हे, रेल्वे कामगारांच्या परिषदेत. समोर लाइनवर राबणारे आपलेच लोक बसले होते. त्यांनी दोन्ही नावं एका दमात का घेतली, हे आखूड रांगेत उभं राहून समजून घ्यायला हरकत नाही.

म्हणून माझ्या मित्राला माझं म्हणणं असं नाही की तू लांब रांगेत उभा राहून समता सिद्ध कर. गुडघे दुखणारी आई सोबत असेल, तर भर पैसे आणि जा पुढे. माझा राग तुझ्या पावतीवर नाही, त्या फोटोखालच्या ओळीवर आहे. सुटका विकत घेता आली म्हणजे कोंडी संपली असं नाही. आणि विकत घेणारे जसे वाढतात, तशी ती कोंडी सोडवायला भांडणारी माणसं कमी होतात. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत बंद झाली. साठीच्या पुरुषांना ४० टक्के, अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना ५० टक्के मिळत होती. किती मोर्चे निघाले? आपल्यातल्या नोकरदारांनी आई-वडिलांची तिकिटं एसीत काढली आणि विषय संपला. गावातल्या ज्या आईला एसी परवडत नाही, तिच्या बाजूने बोलणारा मुलगा त्या डब्यातून उतरूनच गेला होता.

जाता जाता आपलीही झाडाझडती. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात पहिल्या तीन रांगा सोफ्याच्या, त्यावर वर्गणी जास्त देणाऱ्यांची नावं चिकटवलेली, आणि वस्तीतल्या बायका मागे सतरंजीवर, हे कोणत्या धम्मात बसतं? मागच्या वर्षी आमच्याच मंडळात मी हे बोललो तर म्हणाले, "भाऊ, देणगीदार नाराज होतील." होऊ द्या की.

आता काम. मध्य रेल्वे ६ डिसेंबरसाठी नागपूरहून अनारक्षित विशेष गाड्या सोडते. त्या किती, कधी आणि कुठे थांबणार, हे आपल्याला ऐनवेळी कळतं. यंदा निवेदन दिवाळीआधी द्यायचं. धामणगावच्या स्टेशन प्रबंधकांकडे एक प्रत, नागपूर विभागीय कार्यालयाला एक, आपल्या खासदाराला एक. मागण्या तीनच : विशेष गाडीतले दोन डबे धामणगावपर्यंत कुलूपबंद ठेवून इथे उघडावेत, म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना फलाटावर आधी चढू द्यावं, त्यासाठी एक पैसाही न घेता, आणि डब्यात जागा विकणाऱ्यांवर कारवाईसाठी रेल्वे पोलीस दाराशी उभे असावेत. मसुदा तयार आहे. सह्यांसाठी आर्णी, दिग्रस, दारव्हा, बाभुळगाव इथे माणसं हवीत. विमानातल्या मित्राला मी दारव्हा दिलं आहे. अजून त्याने हो म्हटलेलं नाही, पण फोटो मात्र काढून टाकला आहे.