लकव्यानंतर डोक्याला लावायचं मशीन: नाशिक-पुण्याला नेण्याआधी

जळगाव-धुळ्याकडे लकव्याच्या पेशंटचे नातेवाईक हल्ली मोबाइलवरची जाहिरात दाखवतात आणि विचारतात, "डॉक्टर, डोक्याला मशीन लावलं की हात परत चालतो म्हणे. वडिलांना नाशिकला नेऊ का?" 'ऑपरेशन नाही, फारसं दुखत नाही' हे त्या जाहिरातीतलं खरं आहे. हात चालण्याचं मात्र तसं नाही.

यात मुख्य उपचार दोन. आरटीएमएसमध्ये डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरून मेंदूच्या ठरावीक भागाला स्पंदनं देतात. डिप्रेशनसाठी अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली, आणि तिथे ते उपयोगी आहे. टीडीसीएसमध्ये डोक्यावर ओले पॅड लावून साधारण २० मिनिटं १ ते २ मिलिअँपिअर इतका सौम्य प्रवाह सोडतात.

लकव्यात मेंदूची एक बाजू दुखावते आणि चांगली बाजू तिला आणखी दाबून ठेवते, असा एक सिद्धांत आहे. मग चांगल्या बाजूला थोडं शांत केलं तर दुखावलेली बाजू मोकळी होईल. ऐकायला पटतं. पण अमेरिकेतल्या १२ केंद्रांत १९९ पेशंटवर हे तपासलं गेलं आणि निकाल २०१८ मध्ये आला. काहींना खरं मशीन लावलं, काहींना नुसतं दिखाऊ. हाताचे व्यायाम सगळ्यांना सारखेच. दोन्ही गटांत सुमारे दोन तृतीयांश लोकांचा हात सुधारला. म्हणजे सुधारणा झाली, पण ती मशीनच्या खात्यावर मांडता येत नाही. जाहिरातीतले 'आधी आणि नंतर'चे व्हिडिओ बघताना हे ध्यानात ठेवा. त्यात पहिल्या तीन महिन्यांत बरीचशी सुधारणा आपोआपही होते.

टीडीसीएसवरच्या अभ्यासांच्या २०२० च्या कोक्रेन आढाव्यात रोजच्या कामांत थोडा फायदा दिसला, पण हातापायाच्या ताकदीत खात्रीचा फरक दिसला नाही. संशोधन चालू आहे. एखाद्या मेडिकल कॉलेजात अभ्यासाचा भाग म्हणून मोफत मिळत असेल, तर माझी हरकत नाही. गाय विकून किंवा केळीच्या पैशांतून पॅकेज घेण्याला आहे.

मग घरच्यांनीच व्यायाम घ्यावेत का? तेवढ्यानेही भागत नाही. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंटवर झालेल्या 'अटेंड' अभ्यासात (२०१७) नातेवाइकांना शिकवून घरी पाठवलं, तरी सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिलं. घरच्यांची मदत हवीच, पण सोबत फिजिओथेरपिस्टही हवा. व्यायाम काय, किती वेळा आणि पुढे कसा वाढवायचा हे त्याने ठरवायचं. धुळ्याहून नाशिक सुमारे दीडशे किलोमीटर. त्या फेऱ्यांच्या भाड्यात गावाजवळच्या फिजिओथेरपिस्टची कितीतरी सत्रं होतात. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. आधी तिथे चौकशी करा.

तरीही मशीन लावायचंच ठरलं, तर पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यातली क्लिप किंवा धातू, आणि पूर्वी आलेली फीट हे सगळं आधी सांगा. फीट येण्याचा धोका कमी असला तरी लकव्याच्या पेशंटमध्ये तो विसरायचा नसतो. आणि बीपी, शुगर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यातलं काहीही 'मशीन चालू आहे' म्हणून बंद करू नका.