मोडीत जाण्यापूर्वी

वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावात घरातली जुनी वस्तू तीन वाटांनी बाहेर पडते. भंगारवाला लोखंड, पितळ आणि रद्दी तोलून नेतो. भांडेवाली जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलचा डबा देते. तांब्या-पितळेचे जड भांडे तालुक्याच्या दुकानात मोड म्हणून घातले जाते आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढी रक्कम वजा होते. तिन्ही व्यवहारांत भाव ठरतो तो वजनावर किंवा कपड्याच्या जीर्णतेवर. घडवणाऱ्याचा हात आणि वस्तूचे वय हिशेबात येत नाही.

अमेरिकेत हाच माल शनिवार-रविवारी घरापुढच्या अंगणात मांडला जातो. तेथे नव्याने गेलेली मराठी कुटुंबेही टेबल-खुर्च्यांसाठी अशा विक्रीत फिरतात. न्यूयॉर्क राज्यात 2007 साली तीन डॉलरला घेतलेला एक वाडगा चीनमधील साँग राजवटीचा, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा निघाला आणि 2013 च्या लिलावात बावीस लाख डॉलरवर गेला. असे नशीब क्वचितच फळते. मात्र वस्तू अंगणात असेपर्यंत ती पारखायला सवड मिळते. भंगाराच्या गाड्यावर चढलेली परात थेट भट्टीकडे जाते.

वऱ्हाडातल्या जुन्या घरांत पारखण्याजोगे बरेच असते. धान्य मोजायच्या पायली, शेर, मापटे आणि चिपटे या मापांचा व्यवहार 1958 नंतर टप्प्याटप्प्याने आलेल्या मेट्रिक पद्धतीने मोडला. चार चिपट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हे कोष्टक आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी आहे. मापाच्या काठावर सरकारी शिक्का असेल तर ते त्या काळाचा पुरावा ठरते. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले आणि पोळ्याला बैलांच्या गळ्यात घालायच्या पितळी घागरमाळा खुंटीवरच राहिल्या. घंगाळ, गुंड, अडकित्ता, पानाचा डबा, दगडी जाते आणि सागवानी तिफण यांचीही तीच गत झाली.

पितळ पारखताना आधी लोहचुंबक लावून पाहावा. त्याला भांडे चिकटले तर आत लोखंड आहे. काशाचे ताट टिचकी मारताच बराच वेळ नाद धरते. ठोक्याच्या खुणा दिसणारे भांडे बहुधा हाताने घडवलेले असते, साच्यातले नव्हे.

नाण्यांबाबत अधिक सावध राहावे लागते. ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा होता आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. 1940 पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि 1947 चा रुपया निकेलचा निघाला. म्हणून राणीछाप दिसताच हुरळून न जाता आधी वजन करावे, कारण नकली नाणी पुष्कळ फिरतात. खरे नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नये. चकाकी येते, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते.

सर्वांत स्वस्तात जातो तो कागद. मोडी लिपीतल्या खतावण्या, गहाणखते आणि पोथ्या रद्दीच्या भावाने निघतात. याच जिल्ह्यातील कारंजा लाड येथील जैन ग्रंथभांडारांनी हस्तलिखिते जपली, म्हणूनच रायबहादूर हिरालाल यांनी 1926 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सूचीत त्यांची नोंद होऊ शकली.

नित्याच्या वस्तूंचे मोल महाराष्ट्राला दाखवले ते दिनकर गंगाधर केळकर यांनी. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे केळकर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे आणि भांडी जमवत राहिले. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभे राहिलेले पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आज वीस हजारांहून अधिक वस्तू सांभाळते. त्यातला मोठा भाग राजवाड्यांतला नसून माजघरातला आणि स्वयंपाकघरातला आहे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात असाच माल चोखंदळ गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो.

कायद्याची चौकटही ठाऊक हवी. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, कलावस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावशेष मानली जातात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. नांगरताना किंवा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

वस्तू विकू नये असे कोणी म्हणणार नाही. घर लहान असते आणि गरज मोठी. मात्र भंगारवाल्याने काटा काढण्यापूर्वी भांड्यावर कोरलेले नाव व साल वाचावे, फोटो घ्यावा आणि ते कोणाच्या लग्नात आले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. मोडी कागद तर जाणकाराने वाचल्याशिवाय रद्दीत घालूच नयेत.