विद्रोहाचे गाणे आणि तबकडीची किंमत

पाश्चात्त्य रॉक संगीताविषयी समाजवादी कार्यकर्त्यांत दोन टोकांची मते आढळतात. एका मते हे संगीत म्हणजे भांडवलशाहीने तरुणांना पाजलेली अफू होय. तिच्यात गलबला पुष्कळ, आशय शून्य. दुसऱ्या मते गिटार हाती घेऊन प्रस्थापितांना शिव्या देणारा कोणीही गायक क्रांतिकारक ठरतो. दोन्ही मते सोयीची आहेत, कारण दोहोंमुळे प्रत्यक्ष ऐकण्याचे आणि विचार करण्याचे कष्ट वाचतात. पैसा कोठून येतो, मालकी कोणाची, गाणे कोणाच्या कामी येते, हे प्रश्न मात्र तसेच राहतात. या प्रश्नांची उत्तरे शोधू पाहणाऱ्याने जो स्ट्रमर या इंग्रज गायकाच्या कामगिरीपासून आरंभ करावा. १९७४ ते २००२ या काळात तो अनेक बँडमधून गायला, आणि त्याच्या यशापयशात चळवळीने शिकावे असे बरेच काही आहे.

स्ट्रमर हा जन्माने श्रमिक नव्हता, ही गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. त्याचे मूळ नाव जॉन ग्रॅहॅम मेलर. २१ ऑगस्ट १९५२ रोजी तुर्कस्तानातील अंकारा येथे त्याचा जन्म झाला. वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीला होते. त्यांचा स्वतःचा जन्म लखनौचा. साम्राज्याच्या नोकरशाहीत वाढलेले हे घर. मुलाला वसतिगृह असलेल्या शाळेत ठेवण्यात आले. त्याचा थोरला भाऊ वंशवादी नॅशनल फ्रंटकडे ओढला गेला आणि १९७० मध्ये त्याने आत्महत्या केली. धाकट्याने पुढे आयुष्यभर वंशवादाविरुद्ध गाणे गायले, त्यामागे या घटनेचा वाटा किती, हे कोणी मोजू शकणार नाही. एवढे मात्र खरे की त्याने आपला वर्ग सोडला तो पुस्तके वाचून नव्हे. भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर वाजवून मिळवलेली चिल्लर, वेल्समधील स्मशानात केलेले थडगी खोदण्याचे काम आणि बेघरांच्या संगतीतले जिणे यांनी तो घडत गेला. 'स्ट्रमर' म्हणजे तारा खरवडणारा. आपल्याला सफाईदार वादन येत नाही, ही गोष्ट त्याने नावातच कबूल करून टाकली.

त्याचा पहिला नाव घेण्याजोगा बँड 'वन-ओ-वनर्स'. लंडनमध्ये त्या काळी पाडण्यासाठी राखून ठेवलेली शेकडो घरे रिकामी पडून होती आणि तरुणांना मात्र भाड्याची खोली परवडत नव्हती. अशा घरांचा ताबा घेऊन राहण्याची एक चळवळच उभी राहिली. वॉल्टरटन रोडवरील १०१ क्रमांकाच्या अशाच घरात १९७४ साली हा बँड जन्मला. दारूच्या गुत्त्यांतून तो साधा, जोरकस रॉक अँड रोल वाजवीत असे. या गाण्यांत राजकारण जवळजवळ नाही. राजकारण होते ते राहण्याच्या रीतीत. सामाईक छप्पर, सामाईक चूल आणि सामाईक वाद्ये, या मुशीतून स्ट्रमरचा स्वर निघाला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९७६ साल ब्रिटनला कठीण गेले. आदल्या वर्षी चलनवाढीचा दर २४ टक्क्यांवर जाऊन आला होता, बेकारांची संख्या १० लाखांपलीकडे गेली होती, आणि वर्षअखेरीस मजूर पक्षाच्या सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे राहून ३.९ अब्ज डॉलरचे कर्ज व त्यासोबत सार्वजनिक खर्चातील कपात पत्करावी लागली. शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या पिढीला आपण कोणालाच नको आहोत, ही जाणीव झाली. 'पंक' या नावाने ओळखले गेलेले संगीत त्या जाणिवेतून उसळले. तीन सूर, वेगवान लय, ओरडल्यासारखे गाणे. वाजवायला शिकण्यासाठी पैसा नको, गुरू नको. त्याच वर्षी मिक जोन्स, पॉल सिमोनन आणि स्ट्रमर यांनी 'द क्लॅश' हा बँड उभारला. टॉपर हेडन हा ढोलवादक पुढच्या वर्षी आला. इतर पंक मंडळी 'भविष्यच नाही' असे म्हणून थांबत होती, तेथे क्लॅशने 'का नाही?' हा पुढचा प्रश्न विचारला. एप्रिल १९७७ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत 'करिअर ऑपॉर्च्युनिटीज' हे गाणे आहे. बेकार तरुणापुढे टाकल्या जाणाऱ्या क्षुद्र नोकऱ्यांची ती एक कडवट यादी आहे. श्रमाच्या बाजारावरील एखादे प्रकरण वाचून जे ध्यानात येते, ते हे गाणे दोन मिनिटांत पोचवते.

बेकारी वाढली की वंशवाद डोके वर काढतो. मे १९७७ च्या लंडन महापालिका निवडणुकीत नॅशनल फ्रंटला सुमारे १ लाख १९ हजार मते पडली. या विषाला उत्तर म्हणून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही आघाडी उभी राहिली, आणि ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रफल्गार चौकातून निघालेला प्रचंड मोर्चा व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोचल्यावर तेथे क्लॅशने गाणी म्हटली. क्लॅशने जमैकाचे रेगे संगीत आपल्या गाण्यात आणले होते ते चवीपुरते नव्हे. गोऱ्या आणि काळ्या तरुणांचे दुःख एकाच व्यवस्थेतून येते, हे सांगण्याची ती रीत होती. एप्रिल १९७९ मध्ये साउथॉल या भारतीय वस्तीच्या भागात नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध निदर्शने झाली. त्यांत ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला आणि शेकडो लोकांना अटक झाली. त्यांच्या बचावनिधीसाठी जुलैमध्ये रेनबो थिएटरात झालेल्या कार्यक्रमात क्लॅश गायले. साउथॉलच्या पंजाबी कामगाराला ही गाणी कदाचित कर्कश वाटली असतील. निधी मात्र त्याच्या बचावासाठी जमा होत होता.

पण त्याच व्हिक्टोरिया पार्कमधील एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. त्या दिवशी स्ट्रमरच्या अंगातल्या सदऱ्यावर इटलीतील 'रेड ब्रिगेड्स' या सशस्त्र टोळीचे नाव झळकत होते. नेमक्या त्याच दिवसांत त्या टोळीने इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना ओलीस धरले होते. ९ मे रोजी त्यांचे प्रेत सापडले. लोकशाही समाजवाद मानणाऱ्याला याचे समर्थन करता येणार नाही. बंदुकीचे आकर्षण हा मध्यमवर्गीय बंडखोराचा जुना रोग आहे. ज्याला ती चालवायची नसते त्याला ती सुंदर दिसते. वंशवादाविरुद्ध लाखभर माणसे निःशस्त्र एकत्र येतात, हेच त्या दिवसाचे खरे सामर्थ्य होते. व्यासपीठावरच्या गायकाला ते समोर दिसत असूनही उमगले नाही.

आता मालकीचा प्रश्न. शाहीर चळवळीचा असतो. रॉक गायकाला बहुधा कंपनीचा करार असतो. जानेवारी १९७७ मध्ये क्लॅशने सीबीएस या बलाढ्य अमेरिकी कंपनीशी १ लाख पौंडांचा करार केला, आणि पंक तेथेच मेले असा आक्रोश पंकच्या पहिल्या पुरस्कर्त्यांनी केला. कंपनीने न विचारता एक गाणे बाजारात आणले, तेव्हा क्लॅशने 'कम्प्लीट कंट्रोल' या गाण्यातून कंपनीलाच धारेवर धरले; कंपनीने तेही विकून नफा कमावला! भांडवलशाहीची पचनशक्ती अशी अफाट असते. मग उरते काय? क्लॅशने किंमतीच्या प्रश्नावर लढायचे ठरवले. डिसेंबर १९७९ मध्ये 'लंडन कॉलिंग' निघाली. एका तबकडीसोबत एक छोटी तबकडी मोफत देण्यास कंपनी राजी झाली होती. त्या छोट्या तबकडीची बँडने पूर्ण तबकडी केली, आणि १९ गाण्यांचा दुहेरी संच एकेरीच्या किंमतीत लोकांच्या हाती पडला. पुढच्या वर्षी 'सँडिनिस्टा!' हा तीन तबकड्यांचा, ३६ गाण्यांचा संच स्वस्तात विकता यावा म्हणून त्यांनी ब्रिटनमधील पहिल्या २ लाख प्रतींवरील मानधनावर पाणी सोडले. यात क्रांती झाली असे कोणी म्हणणार नाही. तथापि वरकड मूल्याचा वाटा श्रोत्याकडे वळवण्यासाठी कलावंत स्वतःचा हिस्सा सोडतो, ही घटना करमणुकीच्या बाजारात विरळाच.

या संचांतील आशयही तितकाच मोलाचा आहे. 'लॉस्ट इन द सुपरमार्केट' हे स्ट्रमरने लिहून जोन्सने गायलेले गाणे. वस्तूंच्या गर्दीत हरवलेल्या माणसाचे असे चित्र मोठ्या ग्रंथांतही क्वचित भेटते. 'स्पॅनिश बॉम्ब्स' मध्ये स्पेनच्या यादवी युद्धाची आणि कवी लोर्काची आठवण आहे. 'द मॅग्निफिसंट सेव्हन' मध्ये पहाटेच्या गजरापासून सुरू होणारा मजुरीचा दिवस आहे. निकाराग्वाच्या क्रांतिकारकांचे नाव धारण करणाऱ्या संचातील 'वॉशिंग्टन बुलेट्स' हे गाणे तर प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकावे. चिली व क्यूबा येथील अमेरिकी कारवायांवर ते बोट ठेवते आणि त्याच दमात अफगाणिस्तानातील रशियनांना व तिबेटमधील चिन्यांनाही जाब विचारते. आपल्या गटाची पापे झाकून दुसऱ्याची मोजण्याची डाव्यांची सवय या गाण्याला नाही.

१९८२ साली 'कॉम्बॅट रॉक' ने अमेरिकेत अमाप यश मिळवून दिले, आणि येथूनच पडझड सुरू झाली. मादक पदार्थांच्या आहारी गेलेल्या हेडनला त्याच वर्षी काढण्यात आले. सप्टेंबर १९८३ मध्ये खुद्द मिक जोन्सची हकालपट्टी झाली. तो मूळ ध्येयापासून ढळला, असा ठपका होता. व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स याची फूस होती. पण निर्णयावर स्ट्रमरचीही मोहोर होती. नव्या माणसांना घेऊन उभारलेल्या क्लॅशने डिसेंबर १९८४ मध्ये संपकरी खाणकामगारांच्या मदतीसाठी कार्यक्रम केले, हे त्यांच्या खाती जमा धरले पाहिजे. परंतु १९८५ च्या 'कट द क्रॅप' मध्ये 'धिस इज इंग्लंड' या एका गाण्याचा अपवाद सोडल्यास घोषणाच उरल्या, गाणे हरपले. शुद्धीकरणाने संघटना बळकट होते, हा भ्रम किती पक्षांनी जोपासला आणि त्याची किती किंमत मोजली, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगावयास नको. फुटीनंतर प्रत्येक गटाकडे जाहीरनामा शिल्लक राहतो. सूर कोणाकडेच राहत नाही.

आपली चूक स्ट्रमरला लवकरच उमगली. १९८६ मध्ये त्याने जोन्सच्या 'बिग ऑडिओ डायनामाइट' या नव्या बँडच्या ध्वनिमुद्रिकेवर त्याच्यासोबत काम केले. पण क्लॅश पुन्हा जुळला नाही. पुढे 'वॉकर' या निकाराग्वावरील चित्रपटाचे संगीत (१९८७), 'अर्थक्वेक वेदर' हा एकट्याचा, फारसा न चाललेला संच (१९८९), आणि १९९१ मध्ये लंडनच्या आयरिश बँडसोबत, म्हणजे 'पोग्ज' सोबत, त्यांच्या गायकाच्या जागी केलेले दौरे, असा हा भटकंतीचा काळ. याच वर्षी क्लॅशचे जुने गाणे जीन्सच्या जाहिरातीवर स्वार होऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ज्या बँडने किंमतीवरून कंपनीशी झुंज घेतली, त्याला हा मान विजारींनी मिळवून दिला!

१९९९ पासून 'मेस्कलेरोस' या तरुण वादकांच्या बँडमध्ये स्ट्रमर पुन्हा उभा राहिला. या वेळी तबकड्या एका छोट्या, स्वतंत्र कंपनीने काढल्या. २००१ च्या 'ग्लोबल ए गो-गो' मध्ये 'भिंडी भागी' नावाचे गाणे आहे. लंडनच्या एका वस्तीत नाना देशांची माणसे काय काय शिजवतात याची ती आनंदी यादी आहे. १९७७ च्या नोकऱ्यांच्या कडवट यादीशेजारी ही खाद्यपदार्थांची यादी ठेवली की गायकाचा प्रवास कळतो. वंशवादाला विरोध करता करता तो माणसांच्या सहवासाचा उत्सव करू लागला. १५ नोव्हेंबर २००२ रोजी वेतनवाढीसाठी लढणाऱ्या अग्निशमन कामगारांच्या मदतीसाठी अ‍ॅक्टन टाउन हॉलमध्ये कार्यक्रम झाला. प्रेक्षकांत बसलेला मिक जोन्स उठून रंगमंचावर आला आणि जवळजवळ २० वर्षांनी दोघे एकत्र गायले. २२ डिसेंबर रोजी जन्मजात हृदयविकाराने स्ट्रमरचे निधन झाले. वय अवघे ५० वर्षांचे. लोर्काच्या ग्रॅनाडा शहराने २०१३ साली एका चौकाला त्याचे नाव दिले.

नवख्याने आरंभ 'लंडन कॉलिंग' पासून करावा. नंतर १९७७ ची पहिली ध्वनिमुद्रिका ऐकावी, म्हणजे राग कोठून आला ते समजेल. 'सँडिनिस्टा!' एका बैठकीत ऐकू नये. तिच्यात कसदार व टाकाऊ शेजारी शेजारी आहे. 'कॉम्बॅट रॉक' मधील 'स्ट्रेट टू हेल' हे निर्वासितांचे आणि बंद पडलेल्या पोलाद गावांचे गाणे चुकवू नये. शेवटी मृत्यूनंतर २००३ मध्ये निघालेली 'स्ट्रीटकोर' ऐकावी. आवाज खरखरीत आहे, उच्चार अस्पष्ट आहेत. गोडव्याची अपेक्षा ठेवणारा निराश होईल. पण हा आवाज खोटे बोलत नाही, हे थोड्याच वेळात पटते.

स्ट्रमर क्रांतिकारक होता काय, हा प्रश्न गौण आहे. बाजारात उभे राहून त्याने बाजाराशी घासाघीस केली, काही जिंकले, बरेच गमावले. शस्त्रांच्या मोहात आणि शुद्धतेच्या हट्टात त्याचे गाणे दुबळे झाले. बेघर, बेकार, परप्रांतीय, संपकरी यांच्या शेजारी उभे राहताना ते समर्थ झाले. काढून टाकलेला सहकारी पुन्हा शेजारी उभा राहू शकला तो पदांच्या वाटपातून वा तत्त्वचर्चेतून नव्हे, तर संपकऱ्यांच्या कामासाठी. फुटीची परंपरा असलेल्या समाजवादी चळवळीने स्ट्रमरच्या तबकड्यांतून एवढे जरी घेतले, तरी ऐकण्याचे श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही.