शास्त्रीय शंकासमाधान: लोखंड न वितळतां इमारत कशी पडते?

धनज (जि. वाशीम) येथील एका वाचकांनीं आपल्या घरांतील वाद आमच्याकडे निकालासाठीं पाठविला आहे. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेहून लंडनला निघालेलें बोइंग ७८७ जातीचें विमान उडतांच बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलें. विमानांतील २४२ पैकीं २४१ आणि जमिनीवरील १९ माणसें गेलीं. तेव्हांपासून या घरीं पंगतीस बसलें कीं तोच विषय निघतो. थोरल्या काकांचें म्हणणें असें कीं, एवढें धूड आदळलें म्हणजे इमारत धक्क्यानेंच जावयाची. आग हें केवळ निमित्त. पुतण्याचें म्हणणें निराळें. तो म्हणतो, २००१ सालीं न्यूयॉर्कचे मनोरे पडले ते विमानांमुळें नव्हेत. विमानाच्या इंधनाच्या आगींत पोलाद वितळत नाहीं; तेव्हां आंत कोणी तरी जळता धातु किंवा सुरुंग ठेवलेला असलाच पाहिजे.

प्रश्न नुसत्या बौद्धिक करमणुकीचा नाहीं. त्याच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. म्हणून तो थोडा विस्तारानें पाहूं.

प्रथम धक्क्याचा विचार करूं. २८ जुलै १९४५ रोजीं दाट धुक्यांत वाट चुकलेलें एक लष्करी बाँबफेकी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर, ७९ व्या मजल्याच्या सुमारास, आदळलें. १४ माणसें दगावलीं व भिंतींत भगदाड पडलें. परंतु आग सुमारें चाळीस मिनिटांत आटोक्यांत आली आणि इमारत आजहि उभी आहे. तें विमान लहान होतें, हें खरें. ११ सप्टेंबर २००१ रोजीं आदळलेलीं बोइंग ७६७ विमानें त्याच्या कित्येक पट जड व वेगवान होतीं. तरीहि ११० मजल्यांचे ते दोन्ही मनोरे धक्क्यासरशीं पडले नाहींत. उत्तरेचा मनोरा १०२ मिनिटें व दक्षिणेचा ५६ मिनिटें उभा होता. केवळ धक्क्यानें इमारत जावयाची असती, तर ही मधली मुदत मिळालीच नसती. येथें काकांचा पक्ष लंगडा पडतो.

आतां पुतण्याकडे वळूं. त्याचे आंकडे बरोबर आहेत. पोलाद वितळावयास सुमारें १५०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. इमारतींतील आग सहसा १००० अंशांच्या फारशी वर जात नाहीं. चूक आहे ती अनुमानांत. पोलाद वितळेपर्यंत आपलें बळ टिकवून धरतें, असें त्यानें गृहीत धरलें आहे. हें गृहीत खरें कीं खोटें, याचा निर्णय कोणत्याहि लोहारशाळेंत मिळेल. लोहार फाळ शेवटतो तेव्हां लोखंड वितळवीत नाहीं. तें भट्टींत लाल करतो, आणि जें थंड असतां घणाला दाद देत नव्हतें, तें हातोड्याखालीं हवें तसें वांकतें. सुमारें ६०० अंशांवर बांधकामाच्या पोलादाचें बळ निम्म्यावर येतें. वरचा भार मात्र तेवढाच राहतो.

त्याच लोहाराकडे दुसराहि धडा आहे. बैलगाडीच्या चाकावर धांव चढवावयाची असली म्हणजे तो ती चाकाहून किंचित् लहान करतो, गोवऱ्यांच्या जाळांत तापवितो, फुगली कीं सांडशीनें चाकावर बसवितो आणि वर पाणी ओततो. ती आकसून लांकूड घट्ट आवळते. पांच फूट व्यासाच्या चाकाची धांव ५०० अंश तापली तर तिचा घेर इंचभर वाढतो. हाच हिशेब चाळीस फुटी तुळईला लावला, तर ती जवळजवळ तीन इंच लांबते. दोन खांबांमध्यें जखडलेली तुळई हे तीन इंच कोठें नेणार? ती खांबाला ढकलते, सांधे तोडते किंवा स्वतः वांकते.

न्यूयॉर्कला हेंच घडलें. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या चौकशींत असें आढळलें कीं, धक्क्यानें कांहीं खांब तुटले. पण अधिक घातक गोष्ट ही कीं, पोलादावरील अग्निरोधक लेप उडून तें उघडें पडलें. विमानाचें बहुतेक इंधन कांहीं मिनिटांतच जळून गेलें; पुढें तासभर जळले ते कागद, मेजें, खुर्च्या व पडदे. तापलेले मजले खालीं झोळले, त्यांनीं बाहेरच्या खांबांना आंत ओढलें, आणि अखेर वरच्या मजल्यांचा भार त्यांना पेलवेना. शेजारच्या ४७ मजली सातव्या इमारतीला तर विमान लागलेंच नव्हतें. पडत्या मनोऱ्याच्या जळत्या अवशेषांनीं तींत आग लागली. जलवाहिन्या फुटल्यामुळें खालच्या मजल्यांवरील तुषारयंत्रांना पाणी मिळेना. सुमारें सात तासांनीं तीहि पडली. लांबलेल्या तुळयांनीं एक मुख्य तुळई बैठकीवरून ढकलून दिली, असा २००८ चा निष्कर्ष आहे.

राहिला जळता धातु. ही कांहीं कल्पित वस्तु नव्हे. अॅल्युमिनियमची भुकटी व लोखंडाचा गंज यांचें ‘थर्मिट’ नांवाचें मिश्रण पेटलें म्हणजे २००० अंशांहून अधिक उष्णता निर्माण होते. रेल्वेचे रूळ त्यानें सांधतात. महायुद्धांत मॅग्नेशियमचे आगलावे बाँब शहरांवर टाकले गेले. २९ डिसेंबर १९४० च्या रात्रीं असा एक बाँब लंडनच्या सेंट पॉल मंदिराच्या घुमटाच्या शिशाच्या पत्र्यांत रुतला. शिसें वितळून तो बाहेर पडला, पहारेकऱ्यांनीं तो विझविला आणि घुमट वांचला. असे बाँब शहरें जाळीत ते खांब कापून नव्हे, तर लांकडी छपरें पेटवून.

दक्षिणेच्या मनोऱ्यांतून शेवटच्या मिनिटांत पिवळसर तप्त धातूची धार वाहतांना दिसली, हा पुतण्याच्या पक्षाचा मुख्य पुरावा. परंतु विमानाचें शरीर मुख्यतः अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंचें होतें, व ते ६५० अंशांच्या आंतच वितळतात; आगींतील इतर जळत्या पदार्थांत मिसळल्यानें धार तशी दिसली असावी, असें चौकशीकारांचें मत आहे. नॉर्वेतील एका धातुशास्त्रज्ञानें २०११ सालीं असाहि तर्क मांडला कीं, हें वितळलेलें अॅल्युमिनियम पाण्याला लागून स्फोट झाले असावेत. अॅल्युमिनियमच्या कारखान्यांत तसे स्फोट झालेले आहेत. म्हणून तर्क विचारार्ह आहे. पण मनोरे पडण्याचें कारण सांगण्यास त्याची गरज पडत नाहीं. जें साध्या आगीनें उलगडतें, त्याकरितां गुप्त कट मानावयाचा तर त्याचा स्वतंत्र पुरावा हवा. केवळ शंका हा पुरावा नव्हे.

मग या सर्वांतून घ्यावयाचें काय? धक्का टाळणें रहिवाशांच्या हातीं नसतें. धक्क्यानंतरचा वेळ मात्र इमारत बांधणारे व वापरणारे यांच्या हातीं असतो. उत्तरेच्या मनोऱ्यांत तिन्ही जिने तुटले आणि ९१ व्या मजल्याच्या वरचा एकहि मनुष्य उतरूं शकला नाहीं. दक्षिणेंत एक जिना शाबूत राहिला. त्यानें धक्क्याच्या जागेंतून व तिच्या वरून १८ जण सुटले. मुंबईच्या मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजीं आग लागली, तेव्हां काँक्रीटचा सांगाडा टिकला व पुढें दुरुस्त झाला. तरी पांच माणसें गेलीं. इमारत उभी राहिली म्हणजे माणूस वांचला, असें नव्हे.

वऱ्हाडांतील घरांना ही गोष्ट दूरची वाटूं नये. आपल्याकडे सरकी काढण्याच्या कारखान्यांत व गोदामांत कापसाच्या गंज्यांवर उघड्या लोखंडी कैच्या आणि पत्रे असतात. ‘लोखंडाचें छप्पर आहे, तें कोठें जळतें?’ या भरंवशावर माल काढावयास आंत धांवणारा मनुष्य पुतण्याचीच चूक करतो. छप्पर जळत नाहीं, वितळत नाहीं. तें वांकतें, आणि वांकण्यापूर्वीं सूचना देईलच असें नाहीं. आग वाढली असतां त्याखालीं कोणी जाऊं नये, मग आंत कितीहि मोलाचा कापूस असो. घराचा जिना अडगळीनें अडवूं नये. आणि जळत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकूं नये, कारण त्यानें ज्वालाग्राही हायड्रोजन वायु सुटतो. कोरडी वाळू टाकावी.

काकांनीं धक्क्याचा दरारा थोडा कमी करावा, पुतण्यानें वितळण्याचा हट्ट सोडावा, आणि दोघांनीं मिळून आज आपल्या घराचा जिना व गोदामाचें छप्पर एकदां पाहून यावें, एवढाच आमचा निकाल आहे.