विश्लेषण : परदेशात शिकताना दूरचे बेट स्वस्तात कसे गाठावे?

अमरावती, अकोल्याहून जर्मनी, ब्रिटन किंवा अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांच्या मोबाइलवर सुटी जवळ आली की एकच रील फिरू लागते. निळा समुद्र, उंच कडे आणि त्यावर लिहिलेले ‘इतक्या युरोत बेट’. घरून फोन आला की मात्र या बेताचा विषय निघत नाही, कारण घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि कपाशीचा भाव यांचीच चर्चा सुरू असते. हौस आणि हिशेब यांचा मेळ बसू शकतो. त्यासाठी बेट निवडताना आधी व्हिसा पाहावा लागतो, तिकीट नंतर.

वऱ्हाडच्या हिशेबात खर्च किती?

जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम लागू आहे. त्यातून दरमहा ९९२ युरो हाती येतात. भाडे, विमा, जेवण, प्रवास सगळे त्यातच. २०२५ मध्ये युरोने १०० रुपयांची पातळी ओलांडली, म्हणजे प्रत्येक युरोमागे घरच्यांचे शंभरहून अधिक रुपये जातात.

आता शेंगेन व्हिसाचे शुल्क पाहा. जून २०२४ पासून ते ९० युरो आहे, म्हणजे किमान नऊ हजार रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तिकीट काढण्याआधीच एक क्विंटल कापूस संपला आणि वर सेवा केंद्राचे शुल्क वेगळे. म्हणूनच ज्या बेटासाठी नवा व्हिसा लागत नाही, तेच बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त पडते.

जर्मनीतल्या विद्यार्थ्याला कुठे जाता येते?

जर्मनीचा निवास परवाना आणि वैध पासपोर्ट असेल तर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते. स्पेनची कॅनरी बेटे, पोर्तुगालची मदेइरा आणि अटलांटिकच्या मधोमध असलेली अझोरेस बेटे ही सगळी शेंगेनमध्येच येतात. नवा व्हिसा नाही, चलनही युरोच.

नकाशावर मात्र फसगत होऊ शकते. फेरो बेटे आणि ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात असली तरी शेंगेनमध्ये नाहीत. नॉर्वेच्या स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण तेही शेंगेनबाहेर आहे. तिथून परतताना नॉर्वेच्या मुख्य भूमीवर पुन्हा शेंगेन प्रवेश करावा लागतो. परवाना किंवा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा नसेल तर माणूस बेटावरच अडकतो. परवान्याचे नूतनीकरण सुरू असताना मिळणाऱ्या तात्पुरत्या कागदाचेही प्रकार असतात. त्यातल्या काहींवर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. ही चौकशी परदेशी नागरिक कार्यालयात आधी करावी.

ब्रिटनमधल्यांनी काय करावे?

मूळचे पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख १९२० च्या दशकात एडिनबरा आणि ऑक्सफर्डला शिकले. त्याच एडिनबराहून आज रेल्वे किंवा बसने अ‍ॅबर्डीन गाठता येते आणि तिथून रात्रीच्या जहाजाने सकाळी शेटलंड. खोलीऐवजी खुर्चीचे तिकीट घेतले तर पैसे वाचतात, शिवाय रात्र प्रवासात गेल्याने एका मुक्कामाचे भाडेही वाचते. ऑर्कनी, हेब्रिडीज, शेटलंड ही सगळी ब्रिटनमध्येच असल्याने विद्यार्थी व्हिसा पुरतो.

आयर्लंडच्या अ‍ॅरन बेटांचे तसे नाही. बेलफास्ट ते डब्लिन रस्त्यावर नेहमीचे तपासणी नाके दिसत नाहीत, म्हणून अनेकांना तो एकच देश वाटतो. पण भारतीय विद्यार्थ्याला आयर्लंडसाठी वेगळा व्हिसा लागतो. ‘कोणी अडवले नाही’ म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. अशा एका चुकीचा परिणाम पुढच्या व्हिसा अर्जावर होऊ शकतो.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात वेगळे काय?

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्यासाठी हवाई आणि पोर्तो रिको हा देशांतर्गत प्रवास आहे. तरीही पासपोर्ट आणि आय-२० सोबत ठेवावेत. बहामाससारख्या परदेशी बेटावर जायचे असेल तर आय-२० वर विद्यापीठाची प्रवासासाठीची सही लागते.

व्हिसाचा शिक्का संपला असला तरी कॅनडा, मेक्सिको आणि क्युबा वगळता जवळच्या कॅरिबियन बेटांवर ३० दिवसांच्या आत जाऊन परतण्याची सवलत नियमात आहे. मात्र त्याच फेरीत नव्या व्हिसासाठी अर्ज केला तर ती सवलत जाते. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने व्हिसा अर्ज मायदेशातून किंवा निवासाच्या देशातूनच करावा, असा नियम कडक केला. म्हणजे बेटावर जाऊन शिक्का घेऊन येऊ, हा जुना मार्ग जवळपास बंद झाला. २०२५ मध्ये अनेक अमेरिकी विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांना अनावश्यक परदेश प्रवास टाळायला सांगितले होते, हेही लक्षात ठेवावे.

ऑस्ट्रेलियात टास्मानिया हा सोपा पर्याय. फिजी भारतीय पासपोर्टला व्हिसाशिवाय प्रवेश देते, पण निघण्याआधी स्वतःच्या ऑस्ट्रेलियन व्हिसावर पुन्हा प्रवेशाची मुभा आहे ना, हे पाहावे.

स्वस्त तिकिटात काय दडलेले असते?

पहिली गोष्ट स्थानिकांचा दर. कॅनरी बेटांवरच्या रहिवाशांना स्पेनमधील विमान आणि जहाज प्रवासात ७५ टक्के सवलत मिळते. वेबसाइटवर ‘रहिवासी’ हा रकाना निवडला गेला की तिकीट कमालीचे स्वस्त दिसते, पण विद्यार्थ्याला तो दर लागू नाही.

दुसरी गोष्ट हंगाम. शेटलंडला डिसेंबरमध्ये दिवसाचा उजेड सहा तासांहून कमी असतो आणि वादळाने जहाजे रद्द होतात. उलट कॅनरीला थंडीतच गर्दी आणि भाव चढा. दूरच्या बेटावर एक फेरी चुकली तर दोन रात्रींचे भाडे अंगावर येते. त्यामुळे परीक्षा किंवा वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचे परतीचे तिकीट घेऊ नये, किमान दोन दिवस हाताशी ठेवावेत.

तिसरी गोष्ट बुडणारी मजुरी. विद्यार्थ्यांना पूर्णवेळ काम करण्याची मुभा बहुतांशी सुटीतच असते, म्हणजे फिरण्याचा आठवडा हा कमाईचाही आठवडा असतो. ब्रिटनमध्ये तर एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा उन्हाळा प्रबंधाचा काळ असतो. तो सुटीत मोजला जात नाही आणि आठवड्याला २० तासांची मर्यादा कायम राहते.

घरून पैसे मागवावेत का?

शक्यतो नाही. भारतातल्या एजंटकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतले तर पहिल्या रुपयापासून टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करता येतो, पण तोवर वडिलांचे पैसे अडकतात. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही, पण ते कर्ज शिक्षणासाठी असते, सहलीसाठी नव्हे. स्थानिक बँक खात्यातून, स्वतःच्या बचतीतून खर्च करणे सर्वांत सरळ. परदेशात कार्ड वापरताना मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असे विचारले तर स्थानिक चलन निवडावे. रुपयांतला दर बहुधा महाग पडतो.

गावी येतानाच बेट केले तर?

हा पर्याय अनेकांच्या ध्यानात येत नाही. मालदीव भारतीयांना आगमनावर ३० दिवसांचा मोफत व्हिसा देते. रिसॉर्ट टाळून स्थानिक वस्तीच्या बेटावर गेस्टहाउस घेतले आणि मालेहून सार्वजनिक फेरीने गेले तर खर्च बराच आवाक्यात येतो. या फेऱ्या शुक्रवारी बहुतेक बंद असतात, हे ध्यानात ठेवूनच तारखा ठरवाव्यात. तिथून मुंबई आणि मुंबईहून रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसने अकोला किंवा बडनेरा. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरूनही १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आहे.

म्हणजे दिवाळीला घरी येण्याचा जो खर्च होणारच आहे, त्यातच चार दिवसांचे बेट बसते. आणि घरच्या फोनवर हा बेत लपवावाही लागत नाही.